नवीन कार्ड येणार म्हणून

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पाणी, रस्ते आणि नगरपालिकेवर लिहिलं की तुम्ही तुटून पडता, आज माझ्याच धंद्याबद्दल लिहितोय. पण वाचत गेलात की कळेल, सरकार आणि डॉलर इथेही आलेच आहेत.

नवीन मित्रांसाठी सांगतो, मी बार्शीत लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो. बावीस वर्षं झाली. व्हीएचएस कॅसेटवर फुलं पडतानाचे इफेक्ट टाकायचो, तिथून आता ड्रोन आणि सिनेमॅटिकपर्यंत आलोय. दुकानात एक मशीन आहे, मे २०१७ मध्ये बांधलेलं. रायझन ५ १६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० हे सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड. कार्ड तेव्हा तेवीस हजारांना पडलं होतं. लॅमिंग्टन रोडवरून आणलं, रात्रीच्या गाडीने, मांडीवर ठेवून. (त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला सांगून बघा, तो तुम्हालाच पत्ता विचारेल.)

त्या कार्डाने साडेसात वर्षं एक शब्दाने त्रास दिला नाही. त्रास सुरू झाला तो मी गेल्या वर्षी हप्त्यावर नवीन कॅमेरा घेतल्यावर.

कॅमेऱ्यात एक सेटिंग असतं, ४:२:२, १०-बिट. सोप्या भाषेत, चित्राचा उजेड-अंधार सगळ्याच ठिपक्यांसाठी नोंदवला जातो, पण रंगाची माहिती जागा वाचवायला कमी ठेवतात. ४:२:० मध्ये चार ठिपक्यांमागे एकदा रंग, ४:२:२ मध्ये दोन ठिपक्यांमागे एकदा. म्हणजे रंग जास्त. शालूचा जांभळा आणि हळदीचा पिवळा नंतर हवा तसा वळवता येतो. यूट्यूबवर सगळे सांगत होते की व्यावसायिक माणूस ४:२:२ शिवाय शूट करत नाही. आपण व्यावसायिक. लावलं सेटिंग.

घरी येऊन फाइल टाइमलाइनवर टाकली आणि मशीन बसलं. नवरी हार घालतेय, हात वर गेला, थांबला. दोन सेकंदांनी हार गळ्यात. मधलं काही नाही. कारण असं की कॅमेरा एच.२६५ पद्धतीने दाबून ठेवलेली फाइल देतो, ती उलगडायचं काम कार्डावरचा एक खास भाग करतो, आणि माझ्या कार्डावरच्या त्या भागाला ४:२:० कळतं, ४:२:२ कळत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि आठ वर्षांचा प्रोसेसर धापा टाकतो.

आणि बरोबर तेव्हाच, जानेवारी २०२५ मध्ये, लास वेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिका जाहीर केली. तिच्यात पहिल्यांदाच ४:२:२ उलगडायची सोय. मला वाटलं, कोणीतरी बार्शीत येऊन माझा प्रॉब्लेम बघून गेलं.

५०७० ची किंमत अमेरिकेत ५४९ डॉलर, आपल्याकडे ५९,००० रुपये. तेव्हाच्या ८६च्या डॉलरने हिशेब केला तर सत्तेचाळीस हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे साडेपंचावन्न. बाकीचं वाहतूक आणि दुकानदाराचं. मला तो हिशेब चुकीचा वाटला नाही. फक्त एक गोष्ट टोचली. ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्याला कर भरलेला वळता करून घेता येतो. माझ्यासारख्या, वर्षाला वीस लाखांच्या आत सेवा देणाऱ्या माणसाला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून तो कर सरळ खिशातून जातो. पुण्यातल्या मोठ्या स्टुडिओला तेच कार्ड खऱ्या अर्थाने पन्नास हजारांना पडतं, मला एकोणसाठला. नोंदणी कर, असं म्हणाल. मग नवरीच्या बापाकडून अठरा टक्के जास्त कोण घेणार, तुम्ही?

तर वाट बघायला सुरुवात केली.

मार्चमध्ये कार्ड बाजारात आलं, पण जाहीर किमतीला मिळेना. म्हणलं थोडं थांबू. २०२१ मध्ये हाच अनुभव घेतला होता. तेव्हा लोक कार्डांवर इथेरियम खणत होते आणि दुकानदार दुप्पट भाव सांगत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं खणणं बंद झालं आणि भाव उतरले. तेव्हा थांबणारा शहाणा ठरला होता. त्या शहाणपणाची सवय लागली.

मग माझ्या भाच्याने (पुण्यात इंजिनिअरिंग करतो, अभ्यास सोडून सगळं माहीत आहे) बातमी आणली. "मामा, आत्ता घेऊ नको. सुपर येतंय." म्हणजे याच मालिकेची सुधारित आवृत्ती, मेमरी जास्त. कंपनीने जाहीर केलेलं काही नव्हतं, सगळी चर्चा. पण चर्चेवर तर अख्खा देश चालतो, मी एक कार्ड थांबवलं.

मग १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. आमच्या व्यापारी ग्रुपवर फॉरवर्ड आला की कॉम्प्युटर, लॅपटॉप, सगळं स्वस्त होणार. आता कोण कार्ड घेणार? ३ सप्टेंबरला परिषदेची बैठक झाली, २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू. एसी आणि ३२ इंचांवरचे टीव्ही अठ्ठावीसवरून अठरावर आले. चांगलं झालं. ग्राफिक्स कार्ड आधी अठरावर होतं, तिथंच राहिलं. म्हणजे माझं मिक्सिंग लोक ज्याच्यावर बघतात तो टीव्ही स्वस्त झाला, मी ज्याच्यावर मिक्सिंग करतो ते नाही. ट्रॅक्टरवर पाच टक्के झाले याचा मला आनंद आहे, मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे. पण तालुक्याच्या गावात कॉम्प्युटरचा भाग ही पोरांच्या खेळाची वस्तू, असं दिल्लीत कोणीतरी धरून चाललंय की काय असं वाटतं. डीटीपीवाला, फोटोवाला, आर्किटेक्टकडे थ्रीडी करून देणारं पोरगं, आमचा तो नांगर आहे.

असो. दिवाळीच्या ऑफर बघू म्हणलं. दिवाळीच्या आठवड्यात दोन तारखा एकदम आल्या. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. त्याच महिन्यात माझ्या १०६० कार्डाच्या पिढीला नवे ड्रायव्हर देणंही थांबलं, यापुढे फक्त सुरक्षेपुरते अपडेट, ऑक्टोबर २०२८ पर्यंत. दोन्ही वस्तू ठणठणीत. पंखा फिरतोय, धूर नाही, आवाज नाही. पण कागदावर म्हातारी. आपल्याकडे माणसाचं रिटायरमेंट वय सरकार ठरवतं, मशीनचं अमेरिकेतली कंपनी ठरवते.

आणि मग रॅम. मी ठरवलं होतं की कार्डाबरोबर आणखी १६ जीबी टाकू. सप्टेंबरमध्ये मला कोटेशन मिळालं होतं साडेतीन हजारांचं. नोव्हेंबरच्या शेवटी त्याच माणसाला फोन केला तर म्हणाला, "आठ हजार दोनशे. उद्याचं उद्या सांगतो." मी म्हणलं रॅम आहे का सोनं? तो हसला नाही.

कारण समजून घ्या, कारण हे पुढे मोबाईलपासून सगळ्यात येणार आहे. जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरला लागणारी खास मेमरी त्याच बनवतात आणि तिच्यात पैसा कितीतरी जास्त. कारखाना तोच. एक वाफा जास्त पाण्याच्या पिकाला दिला की दुसरा कोरडा राहणार, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीरच केलं की सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशिअल हा ब्रँड बंद, माल फेब्रुवारी २०२६ पर्यंतच जाणार. माझ्या मशीनमधली रॅम क्रुशिअलचीच आहे. हीच मायक्रॉन गुजरातेत साणंदला चिपचं पॅकेजिंग आणि तपासणी करण्याचा मोठा प्रकल्प करतेय, त्याला केंद्र आणि राज्य दोघांची मदत आहे. मदत देऊ नये असं मी म्हणत नाही. पण आपण २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉन तळेगावचा गुजरातला गेला म्हणून महिनाभर एकमेकांची डोकी फोडली. पुढच्या वर्षी फॉक्सकॉन बाहेर पडली, तो करार तिथेही पार पडला नाही. कारखाना कुठल्या राज्यात हा भांडणाचा विषय झाला, त्यात बनलेली वस्तू आपल्या माणसाला कोणत्या भावाने मिळणार हा कधी झालाच नाही.

त्याच आठवड्यात डॉलरने नव्वदी ओलांडली. म्हणजे मी स्वस्त होण्याची वाट बघत होतो आणि कर सोडून बाकी सगळं माझ्या डोळ्यांसमोर महाग होत होतं.

आता खरी गोष्ट सांगतो. इतका वेळ जे सांगितलं ते सगळं खरं आहे, पण त्याच्या आड मी लपलो होतो.

मे महिन्यात मी अकरा लग्नं केली. त्यातली पाच नोव्हेंबर उजाडला तरी दिली नव्हती. फोटो दिले, अल्बम दिले, व्हिडिओ नाही. पार्टीचा फोन आला की मी सांगायचो, "मशीन अपग्रेड करतोय, नवीन कार्ड येतंय, एकदम भारी क्वालिटीत देतो." आणि हे सांगताना मला स्वतःला ते खरं वाटायचं. ती फाइल उघडायची, अडकायची, मी बंद करायचो आणि कार्डाचे रिव्ह्यू बघत बसायचो. आमच्या सौ. हिशेब बघतात. एका रात्री त्या म्हणाल्या, "सात महिन्यांत त्या कार्डाचे जेवढे व्हिडिओ बघितलेत, तेवढ्या वेळात पाच लग्नं झाली असती." मी म्हणलं तुला टेक्निकल कळत नाही. हे वाक्य मी परत कधी म्हणणार नाही.

त्या पाचांत एक पार्टी म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. पोरीचं लग्न मोठ्या हौसेने केलं. जावई बंगळुरूला. ते दर गुरुवारी बाजाराच्या पिशवीसकट दुकानात यायचे, खुर्चीवर बसायचे, चहा प्यायचे आणि विचारायचे, "झालं का वो?" भांडण नाही, आवाज नाही. तुळशीचं लग्न झाल्यावर आले तेव्हा मी परत ती कार्डाची कॅसेट लावली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी बत्तीस वर्षं गाडी चालवली. नवीन गाडी येणार हाय म्हणून जुनी डेपोत उभी केली असती, तर पॅसेंजरनं मारलं असतं मला. स्टार्टर लागायचा नाही, तर धक्का मारून काढायचो पहाटंची लातूर." पिशवी उचलली आणि गेले. चहा तसाच.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. संध्याकाळपर्यंत राग धरून बसलो. मग मशीन उघडलं.

धक्का मारून काढायची युक्ती मला माहीत होती. प्रत्येकाला माहीत असते. तिला प्रॉक्सी म्हणतात. मोठ्या फाइलची हलकी नक्कल करून घ्यायची, नकलेवर कापाकापी करायची, शेवटी मशीनला मूळ फाइल दाखवायची. रात्री झोपताना लावलं, सकाळी तयार. मी करत नव्हतो कारण मला ते कमीपणाचं वाटायचं. नऊ दिवसांत त्या लग्नाचा व्हिडिओ झाला. त्याच आठ वर्षांच्या मशीनवर, त्याच कार्डावर.

ड्रायव्हरकाका पेन ड्राइव्ह घ्यायला आले. दुकानात थोडा दाखवला. पाठवणीच्या ठिकाणी त्यांनी तोंड फिरवून बाहेर बघितलं, मीही दुसरीकडे बघितलं. मग खिशातून बाकी काढून मोजून दिली आणि म्हणाले, "पोरीला व्हॉट्सॲपवर पाठवता येतंय का?" म्हणजे ४:२:२ चे सगळे रंग व्हॉट्सॲपने चिरडून बंगळुरूला एका मोबाईलवर जाणार. मी म्हणलं येतंय की.

त्या रात्री सौं.नी वही पुढे केली. व्हिडिओ दिला नाही म्हणून पाच पार्ट्यांकडे अडकलेली बाकी होती ७२ हजार. कार्ड ५९ हजारांचं. मी पैसे जमवत होतो कार्डासाठी आणि ते पैसे माझ्याच हार्ड डिस्कवर पडून होते.

मग भाच्याला बोलावलं. म्हणलं, आता कार्ड विसर, मला नक्की काय लागतं ते सांग. रविवारी दोघांनी कॅबिनेट उघडून टेबलावर मांडलं. आणि जे निघालं ते इथे मुद्दाम लिहितोय, आपल्या भागात मिक्सिंग करणारी बरीच पोरं मला फॉलो करतात म्हणून.

मला हवं होतं ते फक्त ४:२:२ उलगडणं. ते ५० मालिकेतल्या मोठ्या कार्डात आहे तसंच सर्वांत लहान ५०५० मध्येही आहे. म्हणजे सुपरची वाट बघण्यात माझ्या कामापुरता काडीचाही अर्थ नव्हता. पण पुढचं ऐका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरच्या आत जे साधं ग्राफिक्स असतं, त्याला एच.२६५ चं ४:२:२ उलगडता येतं. कित्येक वर्षं येतंय. बाराव्या पिढीचा आय५ १२४०० आणि बोर्ड, मला दोन्हीचं कोटेशन मिळालं साडेबावीस हजार. विंडोज ११ चा प्रश्नही सुटतो. कार्ड लागतच नाही, जुनं १०६० बाकीच्या इफेक्टच्या कामाला बसून राहील. फक्त दोन गोष्टी सांभाळा. नावाच्या शेवटी "एफ" असलेला प्रोसेसर दुकानदार हजार-दोन हजार कमी सांगून गळ्यात मारेल, त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं, तो घेऊ नका. आणि बोर्ड डीडीआर४ चाच मागा म्हणजे जुनी रॅम चालेल, या भावात नवी रॅम घेण्याचे दिवस नाहीत. जो रायझनचाच जुना बोर्ड ठेवून ५६०० प्रोसेसर टाकेल त्याचं विंडोजचं काम स्वस्तात होईल, पण रंगाचं दुखणं तसंच राहील.

मी भाच्याला विचारलं, हे तुला जानेवारीत माहीत नव्हतं का? तो जरा घुटमळला. मग कबूल झाला. मी मोठं कार्ड घेतलं असतं तर १०६० त्याला मिळणार होतं.

कॅमेऱ्यातही बघितलं. मेनूत तीन पायऱ्या आत गेलं की ४:२:० चं १०-बिट सेटिंग आहे, ते जुनं कार्डही पळवतं. या हंगामात साध्या लग्नांना तेच लावलंय. अजून एकाही नवरीने रंगाची तक्रार केलेली नाही.

एक शेवटचं. कॅबिनेटला हात लावला की मला कायम झिणझिण्या यायच्या. मी समजायचो मशीन जुनं झालं. गल्लीतल्या वायरमनने मीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये तीन व्होल्टच्या आत पाहिजे, माझ्या दुकानात २८. दुकान बांधताना घातलेली अर्थिंगची तार गंजून तुटलेली, आणि मी आठ वर्षं त्याच्यावर लोकांची लग्नं ठेवून बसलो होतो. तिथे एकोणसाठ हजारांचं कार्ड लावणार होतो! यूपीएसची बॅटरीही फुगलेली निघाली. म्हणजे अपग्रेडची यादी आता अशी झाली: आधी अर्थिंग, मग बॅटरी, मग बोर्ड आणि प्रोसेसर. संक्रांतीपर्यंत उरलेल्या चारही पार्ट्यांचे व्हिडिओ देऊन बाकी वसूल करायची, त्यातून हे करायचं. दोन दिलेत. दोन राहिलेत. त्यातली एक पार्टी ही पोस्ट वाचतेय हे मला माहीत आहे. भाऊ, मंगळवारी या.

काल भाच्याचा मेसेज होता, "मामा, नवीन लीक आलंय." मी उघडला नाही. अर्थिंगला खड्डा घेऊन तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ नीट भरून देणारा चांगला माणूस बार्शीत किंवा कुर्डुवाडीकडे कोणाच्या ओळखीत असेल, तर कमेंटमध्ये नंबर टाकू नका, मला मेसेज करा.